शब्द आणि सामर्थ्य : ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथातील अद्भुत आणि उपदेश

१.

पहिल्या शतकात यरुशलेममधील एका लहानशा यहुदी गटाची शिकवण तीस-पस्तीस वर्षांत अंत्युखिया, इफिस, करिंथ आणि रोम या नगरांपर्यंत पोहोचली. ती कशाच्या बळावर पोहोचली, या प्रश्नाची चर्चा धर्मेतिहासकारांनी दीर्घकाळ केलेली आहे. आडोल्फ फोन हार्नाक याने १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रसाराची अनेक कारणे एकत्र मांडली. रॅम्से मॅकमलन याने १९८४ साली अद्भुत कृत्यांवर, विशेषतः भूतबाधा काढण्याच्या सामर्थ्यावर भर दिला. सामान्य माणूस उपदेश ऐकून फारसा बदलला नाही, जे डोळ्यांनी पाहिले त्याने तो बदलला, असे त्याचे म्हणणे. रॉडनी स्टार्क या समाजशास्त्रज्ञाने १९९६ साली या दोहोंना बाजूस सारून नातीगोती, शेजार आणि परिचय यांच्या जाळ्याला प्राधान्य दिले.

ही सर्व मते इतिहासाविषयीची आहेत. प्रस्तुत निबंधाचा विषय त्याहून मर्यादित आहे. या प्रसाराची कथा सांगणारा सर्वांत जुना सलग ग्रंथ म्हणजे नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’. हा ग्रंथ स्वतः शिकवण आणि सामर्थ्य यांचा संबंध कसा लावतो, हे येथे पाहावयाचे आहे. ग्रंथातील घटना घडल्या की नाहीत, हा प्रश्न येथे विचारलेला नाही. कथन त्या घटनांना कोणते कार्य देते, एवढाच प्रश्न विचारला आहे. साहित्याच्या अभ्यासकाला एवढेच विचारण्याचा अधिकार आहे, आणि एवढे विचारले तरी पुष्कळ हाती लागते असे वाटते.

सामान्यतः या ग्रंथाचे वाचन दोन टोकांनी होते. श्रद्धाळू वाचक अद्भुतांना उपदेशाचा पुरावा मानतो. आधुनिक वाचक अद्भुते ही लोककथेची भर समजून ती वगळतो आणि उपदेश तेवढा उरवतो. दोन्ही वाचनांत एक गृहीत समान आहे : अद्भुत आणि उपदेश या दोन सुट्या वस्तू असून त्या एकमेकींशेजारी ठेवलेल्या आहेत. ग्रंथाची घडण या गृहीताला अनुकूल नाही. तेथे अद्भुत हे बोलण्यावाचून अपुरे आहे, इतकेच नव्हे तर बोलण्यावाचून ते धोक्याचेही आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

२.

ग्रंथाचा कर्ता परंपरेने लूक मानला जातो. तिसरे शुभवर्तमान आणि हा ग्रंथ एकाच लेखकाचे, दोन्ही थियफिल नामक व्यक्तीस उद्देशून लिहिलेले. हेन्री कॅडबरी याने १९२७ च्या आपल्या ग्रंथात या दोहोंचा एकाच कृतीचे दोन भाग म्हणून विचार केला, आणि तेव्हापासून अभ्यासाची ती रीतच पडली. रचनाकाळ बहुतेक अभ्यासक इसवी सनाच्या ८० ते ९० च्या सुमाराचा मानतात. काही तो अलीकडे तर काही पलीकडे ओढतात. अठ्ठावीस अध्यायांच्या या ग्रंथाचा सुमारे एक-तृतीयांश भाग भाषणांनी व्यापला आहे. मार्टिन दिबेलिउस याच्या १९५१ साली एकत्रित प्रसिद्ध झालेल्या निबंधांनी ही भाषणे ग्रीक इतिहासलेखनाच्या परंपरेत ठेवून वाचावयास शिकवले. थुसिडिडीसप्रमाणे लूकही पात्राच्या मुखी प्रसंगोचित भाषण घालतो आणि त्यातून घटनेचा अर्थ वाचकापुढे मांडतो.

दिबेलिउसचे हे निरीक्षण स्वीकारून एक पाऊल पुढे जाता येते. भाषणे घटनांचा अर्थ सांगतात हे खरे. पण तो सांगावा का लागतो? याचे उत्तर पहिल्याच मोठ्या प्रसंगात आहे. पन्नासाव्या दिवसाच्या सणाला प्रेषितांवर आत्मा उतरतो आणि ते निरनिराळ्या भाषांत बोलू लागतात. जमलेल्या समुदायापैकी काही थक्क होऊन हे काय असावे असे एकमेकांस विचारतात. काही मात्र हे लोक नव्या द्राक्षारसाने मस्त झाले आहेत म्हणून हसतात. म्हणजे एकाच दृश्याचे दोन अर्थ तत्काळ निघाले. पेत्राचे भाषण सुरू होते ते या दुसऱ्या अर्थाचे निराकरण करण्यासाठी : सकाळचे नऊच वाजले आहेत, ही माणसे प्यालेली कशी असतील, असा त्याचा साधा व्यवहारी युक्तिवाद आहे. त्यानंतर योएल संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या आधारे तो घटनेचा अर्थ लावतो. तीन हजार माणसे बाप्तिस्मा घेतात ती या भाषणानंतर. जिभांच्या दर्शनानंतर लगेच नव्हे. आणि पुढे समुदायाचे जे वर्णन येते त्यात प्रेषितांच्या शिकवणीत टिकून राहणे पहिल्याने सांगितले आहे, अद्भुते आणि चिन्हे त्यानंतर.

तिसऱ्या अध्यायात हीच रचना अधिक स्पष्ट होते. मंदिराच्या ‘सुंदर’ नावाच्या दरवाजाशी बसणारा जन्माचा पांगळा माणूस चालू लागतो. लोक धावत शलमोनाच्या देवडीत जमतात आणि पेत्र-योहानांकडे टक लावून पाहू लागतात. पेत्राचे पहिले काम लोकांची नजर आपल्यावरून हलवण्याचे आहे. आमच्याच सामर्थ्याने हा चालू लागला असे समजून आमच्याकडे का पाहता, असे तो विचारतो. बरे केल्यामुळे लोक जमले. पण जमलेले लोक चुकीच्या दिशेने पाहत आहेत. ती दिशा फिरवणे हे भाषणाचे प्रयोजन.

यापुढील चौकशीचा प्रसंग तर या दृष्टीने फारच बोलका आहे. न्यायसभा प्रेषितांना विचारते की हे तुम्ही कोणत्या सामर्थ्याने किंवा कोणत्या नावाने केले. बरा झालेला चाळिशी उलटलेला माणूस समोर उभा असल्याने घडलेले नाकारण्याची सोय नाही. तेव्हा न्यायसभा बंदी घालते, पण कशावर? रोगी बरे करण्यावर नव्हे. त्या नावाने बोलण्यावर आणि शिकवण्यावर. पाचव्या अध्यायात ही बंदी पुन्हा बजावली जाते, तेव्हाही तिचा विषय शिकवण हाच आहे. विरोधकांना भय कशाचे आहे हे लूक नेमके दाखवतो. मुके सामर्थ्य व्यवस्थेला पचवता येते; त्याला नाव देणारे, त्याचा अर्थ सांगणारे बोलणे पचवता येत नाही. आणि हे बोलणारे लोक अशिक्षित, सामान्य आहेत, याचे न्यायसभेला वाटणारे आश्चर्य कथन आवर्जून नोंदवते.

३.

यरुशलेममध्ये वक्ता आणि श्रोते यांना शास्त्रलेखांची एक समान भाषा आहे. ती भाषा नसेल तेथे अद्भुताचे काय होते, याचे उत्तर चौदाव्या अध्यायातील लुस्त्र येथील प्रसंगात मिळते.

पौल आणि बर्णबा लुस्त्रात एका पांगळ्यास उभे करतात. तपशील मुद्दाम तिसऱ्या अध्यायासारखा ठेवलेला आहे : जन्मापासूनचा पांगळा, त्याच्याकडे रोखून पाहणे, उडी मारून चालू लागणे. पण परिणाम अगदी निराळा होतो. लोक आपल्या लुकवनी भाषेत ओरडतात की देव माणसांच्या रूपाने खाली उतरले. बर्णबाला ते झ्यूस ठरवतात आणि पौलाला, तो मुख्य बोलणारा म्हणून, हर्मीस ठरवतात. झ्यूसचा पुजारी बैल आणि हार घेऊन येतो. देव वेष पालटून पाहुणे म्हणून येतात, ही कल्पना त्या प्रदेशाला अपरिचित नव्हती. ओव्हिडच्या ‘मेटॅमॉर्फसिस’च्या आठव्या सर्गात ज्युपिटर आणि मर्क्युरी फ्रिजियातील वृद्ध जोडप्याच्या घरी येतात ती कथा याच भूभागाशी जोडलेली आहे.

लुस्त्रकरांनी अद्भुत अमान्य केले नाही. त्यांनी ते पूर्णपणे मान्य केले आणि आपल्या कथाविश्वात व्यवस्थित बसवले. श्रद्धेचा अभाव ही अडचण नव्हती; अर्थ लावण्याची चौकट निराळी होती, ही अडचण होती. प्रेषित वस्त्रे फाडून गर्दीत शिरतात आणि जे भाषण करतात त्यात एकाही शास्त्रलेखाचा आधार नाही. पाऊस, ऋतू, पीक आणि अन्नाने होणारा आनंद एवढीच सामग्री त्यांच्या हाती आहे. हे भाषण बळी कसाबसा थोपवते, याहून त्याचे यश लूक सांगत नाही. लगेच पुढे हाच जमाव पौलाला दगडमार करून मेला असे समजून नगराबाहेर टाकतो. देव ठरवणे आणि दगड मारणे यांत चारच ओळींचे अंतर आहे. ज्या विस्मयाला अर्थाचा आधार नाही तो कोणत्याही बाजूस वळू शकतो, हे याहून थोडक्यात सांगता येणार नाही.

अठ्ठाविसाव्या अध्यायात मिलिता बेटावर हाच क्रम उलटा होतो. पौलाच्या हाताला साप डसतो तेव्हा बेटावरचे लोक त्याला खुनी समजतात. काही होत नाही असे दिसताच देव समजतात. तेथे पौल रोगी बरे करतो, पण त्याचे एकही भाषण लूक नोंदवत नाही. आणि कोणी विश्वास ठेवल्याचेही नोंदवत नाही. लोक त्याचा सन्मान करतात, प्रवासासाठी शिधा देतात, इतकेच. जेथे बोलणे नाही तेथे कृतज्ञता आहे, धर्मांतर नाही.

या नियमाला अपवाद आहेत आणि ते दडवून चालणार नाही. नवव्या अध्यायात लोद येथे ऐनेयास उठून उभा राहतो आणि त्याला पाहून लोक प्रभूकडे वळतात. यापो येथे टबीथा जिवंत झाल्याचे कळताच अनेक जण विश्वास ठेवतात. दोन्ही ठिकाणी भाषण नाही. मात्र दोन्ही ठिकाणी विश्वासणाऱ्यांचा समुदाय आधीच नांदत होता, असे कथन सांगते. टबीथाच्या भोवती रडत जमलेल्या विधवा तिने शिवलेली वस्त्रे पेत्राला दाखवतात. शिकवण तेथे भाषणाच्या रूपाने नसली तरी आचरणाच्या रूपाने वस्तीत होतीच. हा खुलासा अपवाद पूर्णपणे मिटवतो असा आग्रह नाही. परंतु लूकच्या एकंदर पद्धतीशी तो जुळतो.

४.

सामर्थ्याविषयीचा दुसरा प्रश्न मालकीचा आहे. शोमरोनातील शिमोन हा जादूटोणा करणारा. लोक त्याला ‘महान’ म्हणवली जाणारी देवाची शक्तीच समजत. लूकने येथे शब्दयोजना फार काळजीपूर्वक केली आहे. शिमोनाने लोकांना थक्क केले होते. फिलिप्पाची चिन्हे पाहून शिमोन स्वतः थक्क होतो. दोन्ही ठिकाणी ग्रीकमध्ये क्रियापद एकच आहे. थक्क करणारा थक्क झाला, पण त्याची भूमिका बदलली नाही. सामान्य लोक फिलिप्प जे सांगतो त्यावर विश्वास ठेवतात. शिमोनाचे लक्ष जे घडते त्यावर खिळलेले राहते. म्हणूनच तो पुढे पेत्र-योहानांपुढे पैसे ठेवून हे सामर्थ्य विकत मागतो. धर्मपदांच्या खरेदी-विक्रीला युरोपीय भाषांत त्याच्या नावावरून शब्द रूढ झाला, इतका हा प्रसंग पुढील परंपरेला बोचत राहिला.

प्रेषितांचे सामर्थ्य आणि जादूगाराचे सामर्थ्य बाहेरून सारखे दिसते, ही लूकची खरी अडचण आहे. एकोणिसाव्या अध्यायात पौलाच्या अंगाला लागलेले रुमाल आणि फडकी रोग्यांवर ठेवली जातात. पाचव्यात पेत्राची सावली पडावी म्हणून रोग्यांना रस्त्यावर आणून ठेवतात. तत्कालीन भूमध्य समुद्राच्या काठच्या जगात जादू जशी चाले त्याहून हे वेगळे कसे ओळखावे? लूकचे उत्तर स्किवाच्या सात मुलांच्या कथेत आहे. ते येशूचे नाव मंत्रासारखे वापरून भूत काढू पाहतात. भूत त्यांना ओळखत नाही आणि भूतबाधा झालेला माणूस त्यांना उघडेनागडे करून पळवून लावतो. नाव तेच आहे, पण ज्याच्याशी नाते आहे त्याच्याच मुखी ते नाव आहे; इतरांच्या मुखी तो नुसता ध्वनी. या घटनेनंतर इफिसकर आपली जादूची पुस्तके आणून जाळतात आणि त्यांची किंमत पन्नास हजार रौप्यमुद्रा भरते. लूकने हा आकडा द्यावा हे अर्थपूर्ण आहे. शिमोनाच्या कथेत सामर्थ्याला किंमत लावण्याचा प्रयत्न झाला. येथे किंमत असलेले सामर्थ्य राखेत गेले. मात्र पुस्तके जाळण्याचे हे चित्र पुढील शतकांत कोणकोणत्या कृत्यांना आधार म्हणून वापरले गेले याची आठवण ठेवूनच आज ते वाचावे लागते. लूकच्या कथेत मालक आपली पुस्तके आपण होऊन आणतात. पुढे तसे राहिले नाही.

याच इफिसात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. रुमालांच्या उल्लेखापूर्वी लूक सांगतो की पौलाने तुरन्नाच्या पाठशाळेत दोन वर्षे रोज वादसंवाद चालवला. आणि अर्तमीच्या रुपेरी देवघरांचा धंदा करणारा देमेत्रिय जेव्हा कारागिरांना चिथावतो, तेव्हा पौलाने रोगी बरे केले अशी त्याची तक्रार नाही. त्याने पुष्कळ लोकांचे मन वळवले, हातांनी केलेले ते देव नव्हेत असे सांगितले, ही त्याची तक्रार आहे. यरुशलेमच्या न्यायसभेप्रमाणे इफिसच्या व्यापाऱ्यालाही भय शिकवणीचेच वाटते.

५.

तरीही या ग्रंथातील सामर्थ्य सर्वत्र आरोग्य देणारे नाही. हनन्या आणि सप्पीरा हे जोडपे जमीन विकून आलेल्या रकमेचा काही भाग मागे ठेवते आणि सर्व दिल्याचा बहाणा करते. पेत्राचे शब्द ऐकताच हनन्या मरून पडतो. तीन तासांनी पत्नी येते, तिला काहीच ठाऊक नाही. तीही तशीच मरते. सर्व मंडळीला मोठे भय वाटले असे कथन सांगते. एरव्ही प्रत्येक अद्भुतापाठोपाठ अर्थ सांगणारा लूक येथे भाष्य करत नाही. पश्चात्तापाला अवसर का नव्हता, असा प्रश्न वाचकाच्या मनात येतो आणि तसाच राहतो. शिमोनाला प्रार्थना करण्याची संधी मिळते, सप्पीरेला मिळत नाही. वर्गात हा ग्रंथ वाचताना विद्यार्थी सर्वांत अधिक अडखळतात ते येथेच, आणि त्यांचे अडखळणे योग्य आहे असेच प्रस्तुत लेखकाला वाटते. शब्द आणि सामर्थ्य यांचा जो समतोल ग्रंथाने इतरत्र साधला आहे तो या प्रसंगी ढळतो. येथे शब्दच सामर्थ्य बनतो, आणि ऐकणाऱ्याला उत्तर देण्याइतकाही वेळ उरत नाही.

सायप्रस बेटावरील दंडाची कथा याहून वेगळी उतरली आहे. अलीम हा जादूगार राज्यपाल सिर्ग्य पौल याला विश्वासापासून परावृत्त करू पाहतो. पौलाच्या शब्दाने तो काही काळ आंधळा होतो. शिक्षा मुदतीची आहे, आणि दिमिष्काच्या वाटेवर स्वतः पौलाला जी मिळाली होती तशीच आहे. हात धरून नेणाऱ्याचा शोध घेणे हा तपशीलही जुळतो. शिक्षेत परत येण्याची वाट शिल्लक आहे. याहून महत्त्वाचे आहे ते राज्यपालाविषयीचे वाक्य. झालेले पाहून त्याने विश्वास ठेवला, आणि तो आश्चर्यचकित झाला तो प्रभूच्या शिकवणीने, असे लूक म्हणतो. पाहिले अद्भुत, आश्चर्य वाटले शिकवणीचे. वाक्यरचनेतील ही वळसा घेणारी जोडणी अनवधानाने झालेली नाही. लूकच्या संपूर्ण ग्रंथाचे सूत्र त्या एका वाक्यात सामावले आहे असे म्हणता येईल.

६.

लूकच्या या चित्राची पारख करण्यास दुसरे साधन आहे ते पौलाच्या पत्रांचे. ही पत्रे पन्नाशीच्या दशकातील, म्हणजे लूकच्या ग्रंथाहून बरीच जुनी. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल आपल्या कार्याचा गोषवारा शब्द आणि कृती, चिन्हे आणि अद्भुते यांच्या सामर्थ्याने झालेले कार्य असा देतो. त्यामुळे अद्भुतांचा दावा पुढच्या पिढीने रचला, हे मत टिकत नाही. पहिल्या पिढीतच तो केला जात होता. परंतु करिंथकरांस लिहिताना तोच पौल म्हणतो की यहुदी चिन्हे मागतात, ग्रीक ज्ञान शोधतात, आणि आपण मात्र दोघांनाही नको असलेली वधस्तंभाची गोष्ट सांगतो. त्याचे बोलणे कुचकामी आहे अशी टीका होते, ती तो लपवत नाही. गलतीकरांकडे आपण पहिल्याने आलो ते आजारपणामुळे, असे तो सांगतो. शरीरातील एक काटा काढला जावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. तो निघाला नाही. सामर्थ्य अशक्तपणात पूर्णतेस येते, हे त्याने त्यातून काढलेले सार.

लूकच्या ग्रंथात हा आजारी, अडखळत बोलणारा पौल दिसत नाही. तेथे त्याचे रुमालही रोग बरे करतात. दोन चित्रांतील हे अंतर मोठे आहे. तरी लूकलाही त्याची पुसट जाणीव असावी असे काही जागी वाटते. अथेन्समध्ये पौल एकही अद्भुत करत नाही. तो एपिकुरी आणि स्तोयिक तत्त्वज्ञांशी बोलतो, ग्रीक कवी आराटसच्या काव्याचा आधार घेतो. काही हसतात, काही पुन्हा केव्हातरी ऐकू म्हणतात, दियनुस्य आणि दामारी यांच्यासह थोडे जण विश्वास ठेवतात. करिंथ येथे तो दीड वर्ष राहून शिकवतो. तेथेही अद्भुत नाही. त्रोवसात त्याचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबते आणि युतुख नावाचा तरुण डुलक्या घेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. तो पुन्हा जिवंत हाती लागतो आणि पौल वर जाऊन उजाडेपर्यंत बोलतच राहतो. मिलेतात इफिसच्या वडीलजनांचा निरोप घेताना पौल आपल्या तीन वर्षांचा हिशेब देतो. त्यात घरोघर शिकवणे आहे, अश्रू आहेत, स्वतःच्या हातांनी केलेले कष्ट आहेत. रुमालांचा उल्लेख नाही. माणसाने आपल्या आयुष्यातील काय मोजावे, याची लूकची निवड येथे पौलाच्या पत्रांच्या फार जवळ येते.

७.

भरताने निर्वहण संधीत अद्भुत रसाची योजना सांगितली आहे. नाटकाची सर्व सूत्रे एकत्र येतात तेथे विस्मयाला जागा असावी, ही त्यामागील दृष्टी. या निकषाने पाहिले असता ‘प्रेषितांची कृत्ये’ची रचना नेमकी उलट आहे. अद्भुत आरंभी दाटलेले आहे : वाऱ्याचा आवाज, अग्नीच्या जिभा, अनेक भाषा. शेवट मात्र रोममधील भाड्याच्या घरात होतो. पौल पहाऱ्यात आहे. दोन वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो शिकवतो. सुटका होत नाही, भूकंप होत नाही, कैसराची भेटही दाखवलेली नाही. ग्रंथाचा शेवटचा शब्द ‘निर्वेधपणे’ अशा अर्थाचा आहे आणि तो शिकवण्याला लागू आहे, शिकवणाऱ्याला नव्हे. विस्मय हा या ग्रंथाचा स्थायी भाव नाही. तो दार उघडतो आणि बाजूला होतो.

ही निवड किती वेगळी होती हे पुढील दोन शतकांतील प्रेषितकथांशी तुलना केली म्हणजे कळते. दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील ‘पेत्राची कृत्ये’ या ग्रंथात कुत्रा बोलतो, वाळवलेला मासा पोहू लागतो, आणि शिमोन रोमच्या आकाशात उडू लागला असता पेत्राच्या प्रार्थनेने खाली कोसळतो. लूकने पश्चात्तापाच्या शक्यतेवर सोडलेला शिमोन येथे सामर्थ्याच्या स्पर्धेतील पराभूत प्रतिस्पर्धी होतो. सिरियाक परंपरेतील ‘थोमाची कृत्ये’ तिसऱ्या शतकातील. त्यात थोमा भारतात गुंदफर राजासाठी राजवाडा बांधण्याचे काम घेतो आणि मिळालेले धन गरिबांत वाटून टाकतो. वाडा स्वर्गात उभा राहतो. गुंदफराची नाणी एकोणिसाव्या शतकात सापडल्यामुळे या कथेतील राजाचे नाव तरी ऐतिहासिक ठरले. तेथे अद्भुत आणि दानाची शिकवण पुन्हा एकत्र गुंफलेली दिसतात. परंतु सर्वसाधारण ओघ लूकपासून दूर, विस्मयाच्या स्वयंपूर्ण आस्वादाकडे वाहू लागला होता.

मराठी वाचकाला येथे महानुभाव वाङ्मयाची आठवण होणे स्वाभाविक आहे. म्हाइंभटाच्या ‘लीळाचरित्रा’त वचन प्रसंगाला बांधलेले आहे, केसोबासाच्या ‘सूत्रपाठा’त ते प्रसंगापासून सुटे होते. लूकने ही सोडवणूक होऊ दिली नाही, हे त्याचे वैशिष्ट्य या तुलनेने अधिक उठून दिसते.

८.

प्रेषितकथेचा मराठीशी प्रत्यक्ष संबंध सतराव्या शतकात आला. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यास आला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राशोल येथे छापले गेले. त्यानंतर एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाने १६२९ ते १६३४ या काळात पेत्राच्या चरित्रावरील ओवीबद्ध मराठी पुराण छापले. जुन्या पुराणांच्या जागी नवख्रिस्त्यांना वाचावयास काही हवे, ही गरज स्टीफन्सने ओळखली होती. ती जागा रिकामी कशी झाली, हे मात्र लक्षात ठेवावे लागते. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली होती; गोव्यात इन्क्विझिशन १५६० पासून होते. १५८३ साली कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले.

‘सामर्थ्य’ या शब्दाचा अर्थ येथे बदलला. न्यायसभेपुढे उभ्या असलेल्या पेत्रापाशी राज्यसत्ता नव्हती. ती त्याच्या विरोधात होती. ती नसल्यामुळेच त्याला बोलावे लागत होते, आणि ऐकणाऱ्याला नाही म्हणता येत होते. अथेन्सकर हसून निघून जाऊ शकले. साष्टीतील श्रोत्याला तेवढी मोकळीक नव्हती. द ला क्रुआच्या पुराणात पेत्राच्या चरित्राबरोबरच हिंदू दैवतकथांचे विस्तृत खंडन आहे. वाद आहे, पण प्रतिपक्षाच्या हाती बोलण्याचे साधन उरलेले नाही. स्टीफन्सचा मार्ग वेगळा होता असे त्याच्या ओवीवरून वाटते. त्याने आपला विश्वास भाषेवर टाकला, आणि म्हणूनच ज्या सत्तेच्या आश्रयाने तो ग्रंथ छापला गेला ती संपल्यावरही तो वाचला जात आहे. या दोन जेझुइटांतील फरक वृत्तीचा आहे. परिस्थिती दोघांचीही एकच होती, आणि तिच्यातून स्टीफन्सलाही पूर्णपणे मोकळे करता येणार नाही.

९.

आरंभीच्या प्रश्नाकडे परत येता असे म्हणता येईल की लूकच्या कथनात शिकवण ही सामर्थ्याला जोडलेली पुरवणी नाही. सामर्थ्य संदिग्ध आहे : ते प्यालेपणासारखे दिसू शकते, देवत्वासारखे दिसू शकते, विक्रीच्या मालासारखेही दिसू शकते. त्याचा अर्थ ठरवणारे बोलणे हेच या ग्रंथाचे मुख्य कर्म आहे. हनन्या-सप्पीरेच्या प्रसंगी हे बोलणे थांबते आणि तेथेच ग्रंथ वाचकाला दुरावतो. मॅकमलनने इतिहासकार म्हणून अद्भुताला दिलेले महत्त्व कदाचित योग्यही असेल. पण ज्या ग्रंथावर आपण पुष्कळसे अवलंबून आहोत तो ग्रंथ स्वतः त्या उत्तरावर समाधानी नाही. लुस्त्रात अद्भुत यशस्वी झाले होते, आणि तेच अपयश होते, हे लूकला ठाऊक होते.

या निकषाचा उपयोग प्रेषितकथांपुरता नाही. संतचरित्रे, पीरांच्या करामतींच्या कथा, जातककथा अशा अनेक वाङ्मयप्रकारांत सामर्थ्य आणि शिकवण शेजारी शेजारी येतात. त्या प्रत्येक ठिकाणी अद्भुतानंतर कोण बोलतो, ऐकणाऱ्याला नकार देता येतो का, आणि शेवटी कथन कोणत्या शब्दावर थांबते, हे तीन प्रश्न विचारून पाहावेत. त्यांची उत्तरे ग्रंथागणिक भिन्न येतील. श्रोत्याच्या नकाराला जागा ठेवणारी कथा आणि ती न ठेवणारी कथा यांतील भेद तुलनाकाराने नोंदवलाच पाहिजे. तो केवळ रचनेचा भेद नाही.